काळी मशीन की लाकडी

"कोणत्या मशीनवर गाणं खरं वाजतं, ते मी डोळे मिटून सांगतो! अर्ध्या मिनिटात!" धर्मराज मास्तरांनी आष्टीच्या भरबाजारात सांगून टाकलं होतं.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्यासारखेच गाण्याचे शौकीन असलेले जालन्याचे डॉक्टर बद्रीनाथ लेकाकडं पुण्याला राहायला निघाले होते. त्यांच्याकडं तबकड्या वाजवायच्या दोन भारी परदेशी मशिनी होत्या. "दोन्ही घरी न्या, आठ दिवस ऐका. आवडेल ती ठेवा, दुसरी परत आणा," डॉक्टर म्हणाले. मास्तर एसटीत एक मांडीवर घेऊन बसले, दुसरीला शेजारची सीट दिली आणि तिचं तिकीटही काढलं!

काळी मशीन विलायती. सडपातळ, रबरी पट्ट्यावर फिरणारी. लाकडी जर्मन, जात्यासारखी वजनदार. मास्तरांचं मन काळीवर गेलं होतं. पण विज्ञानाच्या माणसानं नुसतं मनावर जाऊन कसं चालेल?

रविवारी सकाळी त्यांनी बैठकीत चादर बांधली. चादरीमागं दोन्ही मशिनी आणि बायको नंदाबाई. अलीकडं मास्तर आणि निवृत्त तलाठी अप्पाराव, कागद-पेन्सिल घेऊन. नंदाबाईनं एकच तबकडी सात वेळा लावायची, कधी काळीवर, कधी लाकडीवर, तिच्या मर्जीनं. यांनी फक्त ऐकून ओळखायचं.

"काळीचा सुईचा दांडा फुलावानी धर बरं! जरा धक्का लागला तर सुई गेली. ती सुई हिंदुस्थानात मिळत न्हाई!" मास्तरांनी सकाळपासून हे चौथ्यांदा सांगितलं होतं.

पहिल्यांदा गाणं वाजलं. मास्तरांनी मान डोलावली. "काळी! तंबोरा कसा मोकळा झाला पाहा."

"छ्या!" अप्पाराव म्हणाले. "ही लाकडी. आवाजाला बुड हाय."

दुसऱ्यांदा मास्तरांना आवाज चेपल्यासारखा वाटला. अप्पारावांना तोच आवाज दुधावरच्या सायीसारखा वाटला. सातव्या खेपेपर्यंत दोघं इतके जोरात भांडू लागले की गाणं ऐकूच येईना. "तुमचे कान सातबारा ऐकायचे!" मास्तर बोलून गेले. अप्पाराव टोपी घालून उठले. शेजारच्या सगुणाबाई भांडण सोडवायला आल्या आणि तिथंच बसल्या.

"थांबा! आत्ता निकाल लागतो," मास्तर म्हणाले. "नंदा, तुझा कागद आण. कधी कोणती लावली?"

नंदाबाई चादरीमागून बाहेर आली. हातात कागद नव्हता.

"सातही खेपा लाकडीच लावली," ती म्हणाली.

"काय?"

"मंग काय करू? फुलावानी धर, सुई मिळत न्हाई, मोडली तर काय... एवढं भ्या घातलं तुम्ही! मी काळीला हातच लावला न्हाई."

अप्पारावांनी टोपी पुन्हा काढली आणि हसत हसत भिंतीला टेकले. मास्तर मात्र हातातल्या कागदाकडं बघत राहिले. मोकळा, चेपलेला, चंदेरी, कोंदट. सगळं त्यांच्याच अक्षरात होतं. मग हे ऐकलं कुणी? कान ऐकून राह्यले होते, की आधीच ठरवलेलं मन? आणि घरातल्या घरात बायकोला आपण इतकं भिववलं होतं, हे त्यांना आजवर ऐकूच आलं नव्हतं.

आतून त्यांची आई, झुंबरबाई, लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. जुनी, जाड तबकडी होती. मास्तरांचे दिवंगत वडील ज्या जलशात ढोलकी वाजवायचे, त्या जलशाची.

"धर्मा, ही कोणत्यावर वाजती? आपल्या जुन्या भोंग्यावर निस्ती खरखर यायची."

मास्तरांनी पाहिलं. जुन्या तबकडीच्या वेगाचा खटका लाकडीलाच होता. डॉक्टरांनी त्यासाठी वेगळी सुईसुद्धा दिली होती. ती बसवून ते बाजूला झाले. "नंदा, तू लाव."

नंदाबाईनं पदराला हात पुसले आणि सुई ठेवली.

आधी कुणीतरी बारीक खोकलं. मग ढोलकी सुरू झाली, मग गाणं. झुंबरबाई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"बाबांची ढोलकी काय झकास वाजती, आई!" मास्तर म्हणाले.

"ही तुझ्या बाची ढोलकी न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "ते शेवटाला नेहमी ठेका पळवायचे. ही बराबर चालली. ही जलशातल्या दुसऱ्या ढोलकीवाल्याची, सर्जेरावाची. तुझ्या बानं जन्मभर मला सांगितलं, ढोलकी मीच वाजवली म्हणून!"

मास्तरांनी तबकडीकडं बोट केलं. "मग बाबा... यात न्हाईतच?"

"हाईत की. तो खोकला त्यांचा हाय." झुंबरबाईनं सुनेकडं वळून पाहिलं. "लाव गं पुन्हा. खोकल्यापून लाव."