चौदावी घटका

अकोल्याच्या मोरोपंतांनी एकोणीसशे साठ साली घड्याळ सोडलं. माणूस यंत्रांचा गुलाम झाला आहे, असं एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं आणि मनावर घेतलं. आठवड्याभरात सायकल मेहुण्याकडे गेली, विजेचे दिवे उतरले, स्टोव्ह माळ्यावर चढला आणि मनगटावरचं घड्याळ ट्रंकेत पडलं.

"साधेपणा तुमचा, अन् फुंकून फुंकून डोळे माझे लाल!" अनसूयाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या.

पंत भिक्षुक. लग्न लावायचं तर वेळ कळायला हवी, म्हणून त्यांनी आजोबांचं घटिकापात्र शोधून काढलं. ती तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्याच्या घंगाळात सोडायची. चोवीस मिनिटांनी भरून बुडाली की एक घटका झाली.

पहिलंच लग्न किसनरावांच्या वच्छलेचं. आषाढातला शेवटचा मुहूर्त, सूर्योदयापासून चौदा घटकांचा, म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या जरा पुढं. त्यानंतर थेट तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नव्हता. आणि परतवाड्याहून नवरदेवाचे आजोबा नत्थुजी यांनी बजावून ठेवलं होतं, "मुहूर्त टळला त आमी मांडवातून वापस जाऊ."

"महाराज, माह्या हाताले घड्याळ हाये ना," किसनराव म्हणाले. "या वाटीचं काय काम?"

"यंत्राचा काय भरवसा?"

तेरा घटका वाटी इमानानं बुडाली. चौदाव्यांदा पाण्यात सोडली, तेव्हा घटिकेची पूजा राहिली म्हणून नवरीची मावशी पंचफुला पुढं आली. तिनं हळदकुंकू वाहिलं आणि वर चिमूटभर अक्षता सोडल्या. त्यातला एक दाणा नेमका भोकात जाऊन बसला.

साडेअकरा वाजले तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. एका ट्रकवाल्यानं निरोप आणला की वाटेतल्या चोहोटा गावाजवळ वऱ्हाडाच्या बसचं टायर बसलं. किसनराव मांडवाच्या खांबाला टेकले. "झालं! पोरीचं लगन मोडलं."

पंतांनी घंगाळात पाहिलं. वाटी अजून तरंगत होती, आणि भोकातला दाणा स्पष्ट दिसत होता. तो काढायला त्यांनी बोट पुढं केलं, तोच किसनरावांनी त्यांचा हात धरला.

"महाराज, वाटी बुडाली काय?"

"नाही, पण..."

"मंग मुहूर्त कुठं गेला?" किसनरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "यंत्राचा काय भरवसा? तुमीच म्हनले!"

पंतांचं बोट पाण्यावरच अडलं. साधेपणानं, खरेपणानं जगायला म्हणून घड्याळ सोडलं, आणि हे भलं मोठं खोटं पाण्यात तरंगत होतं! पण हार घेऊन बसलेल्या वच्छलेचा पडलेला चेहरा पाहून त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी बोट आवरलं.

साडेबाराला बस आली. नत्थुजी मनगट पुढं करतच उतरले. "किसनराव, मुहूर्त टळला! आता काहून थांबायचं?"

पंतांनी घंगाळ दाखवलं. नत्थुजींनी वाकून पाहिलं; म्हाताऱ्या डोळ्यांना दाणा दिसला नाही, तरंगती वाटी तेवढी दिसली. त्यांचा चेहरा उजळला.

"वाटी! माह्या लग्नात अशीच होती!" मग ते नातवावर डाफरले, "पाहून काय राहिला? चाल बोहल्यावर!" आणि त्यांनी आपल्या घड्याळाचे काटे सव्वा तास मागं फिरवले. ते पाहून आणखी दहाबारा जणांनी फिरवले.

मंगलाष्टकं सुरू झाली. पण आता वाटी बुडेना, सगळ्यांदेखत दाणा काढता येईना, आणि वाटी बुडाल्याशिवाय अंतरपाट काढता येईना. आठ झाली, सोळा झाली. गंगा-यमुना संपल्या तेव्हा पंतांनी मोर्णा, पूर्णा, काटेपूर्णा अशा जवळपासच्या नद्या घेतल्या. आवाज बसला. शेवटी वच्छलेनं हार डाव्या हातात धरला, मावशीच्या ओंजळीतल्या अक्षता घेतल्या आणि वाकून सगळ्या वाटीत ओतल्या. वाटी बुडाली. बँड वाजला.

घरी येताच पंतांनी अनसूयाबाईंना सगळं सांगितलं आणि ट्रंकेतलं घड्याळ काढून मनगटावर बांधलं. वाटी माळ्यावर टाकायला ते उठले, तोच दारात एक अनोळखी गृहस्थ उभे.

"महाराज, दिवाळीनंतर पोरीचं लगन हाये. पावने लई लांबून येनार. घड्याळ नका आनू. ते वाटी आना."

पंत नको म्हणू लागले, तर गृहस्थ पायच धरायला वाकले. हो म्हणून त्यांना वाटेला लावल्यावर पंत वाटी हातात घेऊन बसले. "पण तो दाणा पुन्हा नेमका बसायचा कसा?"

"चिन्नोर तांदळाचा बारीक दाणा निसटून जाते. जाड तांदूळ लागते," चुलीपासून अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "कोणता ते मले माहीत आहे. तुम्ही आधी स्टोव्ह उतरवा."