तात्या नापास होतात

गेल्या पौषात एका सकाळी आमच्या शेजारच्या बाजीराव तात्यांनी मारुतीच्या पारावर, चारचौघांत, स्वतःला नापास केलं. मी पेपराला गावच्या बातम्या देतो, पण तलवाड्यात असं आधी घडलं नव्हतं. नापास व्हायचे ते बाकीचे.

तात्यांच्या बंडीच्या खिशात भाजलेले शेंगदाणे असत. पारावर म्हातारा माणूस दिसला की चिमूटभर दाणे त्याच्या हातावर. "चाव. गिळू नको." तात्या बोटांच्या पेरांवर मोजत आणि मग म्हणत, "थुक हातावर." सगळे वाकून तळहात पाहत. बारीक कूट निघालं तर माणूस भाकरीचा. फाकी निघाल्या तर काल्याचा, म्हणजे भाकरी दुधात कुस्करून खाणारा.

"मी तर सगळं खातो की," असं कुणी कुरकुरलं की तात्यांचं उत्तर ठरलेलं. "खातो कुठं? गिळतो तू! पोटाला इचार."

कासमभाई फळवाल्यांनी नवी कवळी बसवून परीक्षा दिली. कवळी दाण्यांसकट हातावर आली.

"कासमभाई, मी फकस्त दाणं मागितलं व्हतं," तात्या म्हणाले.

दिवाळीनंतर तात्यांनी थोरल्या भावाला, नानांना, परीक्षेला बसवलं. नानांच्या हातावर जवळपास अख्खे दाणे आले. "नाना, काला," तात्यांनी निकाल दिला. सख्ख्या भावालाही सूट दिली नाही, याचं पारावर कौतुक झालं.

दोघे भाऊ लहानपणापासून एका परातीत जेवत. निकाल घरी पोचला तशी तात्यांच्या सुनेने नानांची काल्याची वाटी वेगळी केली आणि ओसरीवर दिली. तिचा हेतू वाईट नव्हता. नानांना वेळ लागे, आतली पंगत खोळंबे. नाना अर्धी वाटी ठेवून उठू लागले. पुढे हातच लावेनात.

"कावून जेवत न्हाईस?" तात्यांनी विचारलं.

"एकट्याला घशाखाली जात न्हाई रं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी पारावर स्वतः दाणे तोंडात टाकले आणि हातावर थुंकले. फाकी निघाल्या. "माझं बी गेलं," त्यांनी जाहीर केलं. "काला."

त्याच दुपारी ते मला उसाच्या फडाकडेला दिसले. कांडं दातांनी सोलत होते. मी पाहतोय हे कळल्यावर थांबले.

"पेपरात छापू नको बे."

मी छापलं नाही.

त्या दिवसापासून ओसरीवर एका परातीत दोघांचा काला कालवला जाऊ लागला. नाना जेवू लागले. तात्या आत ओरडून सांगत, "भाकर लई कडक भाजू नको, आमाला दात न्हाईत."

चैत्रात नाना गेले. तेरावं झाल्यावर सुनेने तात्यांचं ताट आत मांडलं, ज्वारीची भाकरी वाढली. तिला सगळं ठाऊक होतं. "तात्या, आता आत या," ती म्हणाली.

तात्यांनी भाकरी उचलली आणि ओसरीवर नेली. परातीत कुस्करून तिच्यावर दूध ओतलं. आपल्या बाजूने जेवले. पलीकडच्या बाजूचा काला तसाच राहिला.