वाकडे बाण आणि सासूबाईंची कपाटं

“माउस धरता येतो ना? मग झालं! ह्यात शिकायचंय काय?” असं फूटपट्टीने सकाळी सगळ्या ऑफिसला ऐकवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

फूटपट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवरचा वाकडा फोटो सरळ केल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही, त्याला लोक आणखी काय म्हणणार? फर्निचरच्या कंपनीत त्याच्या ताब्यात ‘निरोप्या’ होता. निरोप्या म्हणजे एका विभागाच्या कॉम्प्युटरचे निरोप दुसऱ्या विभागाला पोचवणारं सॉफ्टवेअर. आजवर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्याला हाकावं लागे. आता चित्रांचा नवा पडदा आला होता. प्रत्येक विभागाचा एक चौकोन, आणि चौकोनांमध्ये हिरवे बाण! दुपारी मोठे साहेब तो बघायला येणार होते आणि विभागप्रमुखाची खुर्ची कोणाला द्यायची, तेही ठरवणार होते. त्या खुर्चीवर फूटपट्टीचा फार दिवसांपासून डोळा होता.

पडदा झकास होता, पण दोन बाण एकमेकांना छेदत होते! ‘ऑर्डर’चा वरून खाली गोदामाकडे, ‘तक्रारीं’चा खालून वर तक्रार-विभागाकडे. ती फुली फूटपट्टीला बघवेना. चौकोन हलवायचे सोडून त्याने बाणांची टोकंच ओढली आणि समोरासमोरच्या चौकोनांना लावून टाकली. चित्रच तर आहे, असं त्याला वाटलं. निरोप्याला मात्र तसं वाटलं नाही. बाण दाखवतील तिकडे तो इमानेइतबारे निरोप नेऊ लागला.

सासूबाईंचं घर गोदामाच्या मागच्याच गल्लीत. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

“जावईबापू, तुमच्या कंपनीच्या कपाटाचं दार कुरकुरतं म्हणून तक्रार केली, तर माणसं दुसरं कपाट ठेवून गेली!”

“बघितलीत आई, आमची सेवा!” फूटपट्टीची छाती फुगली.

“अहो, पण जुनं नेलंच नाही! ठेवू कुठे?”

“मग तशी तक्रार नोंदवा. आमची यंत्रणा वाऱ्यासारखी धावते!”

धावली. तिसरं कपाट आलं.

“जावईबापू, आता स्वयंपाकघरात जाता येत नाही हो!”

“आई, नोंदवत राहा! हार मानायची नाही!”

सासूबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्याच.

दुपारी गोदामाचा मुकादम धापा टाकत वर आला. “पट्टीसाहेब, मागच्या गल्लीतल्या बाई वसतिगृह काढताहेत का? एकाच घरात किती कपाटं न्यायची?”

“मागच्या गल्लीत? अरे, ती तक्रार आहे! वाचता येत नाही?”

“आम्ही पत्ता आणि मालाचा नंबर बघतो. बाकीचं वाचत बसलो तर गाडी कोण भरणार? आणि ज्यांनी खरोखर सोफे मागवले, त्यांना म्हणे तक्रार-विभागाने माफीचे मेसेज धाडलेत. मालाचा पत्ता नाही आणि माफी आधी!”

फूटपट्टीने पडद्याकडे पाहिलं. सरळ केलेल्या बाणांमुळे तक्रारी गोदामात आणि ऑर्डरी तक्रार-विभागात जात होत्या, हे त्याच्या लख्ख ध्यानात आलं. त्याने घाईघाईने बाण पूर्ववत वाकडे केले, तोच मोठे साहेब दारात हजर!

साहेबांनी पडदा न्याहाळला. त्यांची भुवई चढली. “ही फुली कसली?”

“साहेब, ती... राहू द्या. वाकडीच बरी आहे.”

“छे! डोळ्यांत खुपतेय!” साहेबांनी माउस ओढून घेतला आणि दोन्ही बाण झटक्यात सरळ केले. “प्रमुखाकडे अशी नजर हवी! आहे तुमच्याकडे?”

सांगावं तर खुर्ची जाते, न सांगावं तर सासर जातं!

“आहे साहेब. अगदी हीच नजर आहे.”

“शाब्बास! मग खुर्ची तुमची!”

एवढ्यात खिशातला फोन वाजला.

“जावईबापू,” सासूबाई उत्साहाने म्हणाल्या, “तुमचं ऐकलं हो! आत्ताच प्रत्येक कपाटाची वेगवेगळी तक्रार नोंदवली!”