डोंगर कापणारी कमळाक्का

आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत एकाही कृष्णाच्या करंगळीवर गोवर्धन नाही. कॅलेंडरातला देव नुसती करंगळी वर करून उभा, शाळेतलं पोर बाहेर सोडा म्हणतं तसा. शंकराच्या पाठीमागे भोक. मोरावर बसणारा मुरुगन आहे, मोर नाही. सगळं कमळाक्कानं कापून नेलं.

कमळाक्का माझी शेजारीण. शिवण शिकवायची, लग्न केलं नाही. कुणाकडे कॉफीला गेली की आधी भिंत बघायची. घरवाली आत गेली की कात्री बाहेर.

"देवाला हात नाही लावला हो," वर हे सांगायची. "नुस्ता डोंगर घेतला, नि जनावर."

ते तुकडे चिकटवून चित्रं करायची. तिरुपतीच्या सात डोंगरांवर कोंबडी बसलीय, उबवायला. म्हशीच्या शिंगांत कैलास अडकलाय, बर्फ वितळून आचळांतून गळतंय. शेळ्या ढग चरतायत. आमचा हा तमिळ मुलूख ताटासारखा सपाट. मी विचारलं, "अक्का, डोंगर कधी पाहिलास काय?"

"तू देव पाहिलास काय?"

बायका चिडल्या. तिच्याकडे जाणं बंद. नवरात्रात आमच्याकडे घरोघर पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडतात, बायका बघायला येतात, कुंकू लावून चण्याचं सुंडल खाऊन जातात. अक्काकडे कोणी फिरकेना. यंदा तिनं पायऱ्यांवर बाहुल्यांऐवजी चित्रंच मांडली. तरी कोणी नाही.

शेवटच्या दिवशी ती माझ्या दारात. "अण्णा, तू तरी ये. रोज चणे भिजवते, रोज गायीला घालते."

माझी बायको जाऊन वर्ष नाही झालं. सण नकोच होता. तरी गेलो. तिथल्या रिकाम्या चटया बघून डोकंच फिरलं. गल्लीत येऊन ओरडलो, "अगो बायांनो, तुमचे चोरीला गेलेले डोंगर सापडले! या, ओळखून न्या!"

आल्या. भांडायलाच आल्या.

"हा नंदी आमचा!"

"ती शेळी माझी, जवळीवाल्या कापडदुकानदाराच्या कॅलेंडरातली!"

मग भांडणच फिरलं. कोणाचं जनावर जास्त उंचावर?

"माझी गाय शिखरावर, तुझा बैल बघ कुठे पायथ्याशी!"

नवऱ्यांना हाका गेल्या, सासवा आल्या, तमिळ शेजारणी "एन्न अळगु, किती सुंदर!" करत आल्या. चपला कोपऱ्यापर्यंत. सुंडल संपलं तर बायकांनी आपापल्या घरचं आणलं. सगळ्यांत वरच्या पायरीवर एक तांबडी गाय होती, माझ्या बायकोच्या पूजेच्या कॅलेंडरातली. मी तिच्यासमोरच बसून राहिलो. अक्का राणीसारखी खुर्चीत, येईल त्याला सांगते, "देवाला हात नाही लावला हो!"

निघताना गल्लीत नवीन आलेली एक बाई म्हणाली, "अक्का, ही कोंबडी मला विकत द्या ना. म्हणाल ती किंमत."

"नाही देत."

"का हो?"

अक्का खुर्चीतून उठली. आवाज बारीक झाला. "नेलीस तर परत कशाला येशील?"

बाईनं एक चप्पल घातली होती. ती काढली, आणि आत येऊन चटईवर बसली.