अख्खी गल्ली लोटेल!

“अहो विहीणबाई, शेजाऱ्यांचं काय विचारता? साखरपुड्याला अख्खी गल्ली लोटेल! बसायला जागा पुरली नाही तर मला बोल लावू नका!”

सी जिलालीने फोनवर एवढं ठणकावून सांगितलं, फोन खिशात टाकला आणि मिशीवरून हात फिरवला.

समोर त्याची बायको झहोर पुदिना निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, “कुठली गल्ली?”

प्रश्न साधा होता, पण वर्मी लागला. फेस शहराच्या जुन्या भागातल्या त्या गल्लीत घरं नऊ, आणि त्यातल्या आठांची आता हॉटेलं झालेली. सुईणीच्या घराचा ‘शांतिमहाल’ झाला होता. खाटकाच्या अंगणात जिथे मेंढे बांधायचे, तिथे निळंशार पोहण्याचं टाकं आलं होतं. जुने शेजारी घरं विकून नव्या शहरात गेले आणि लिफ्ट मिळाली म्हणून खूश झाले. गल्लीत दिवसभर चाकांच्या बॅगांचा खडखडाट! मूळचे रहिवासी म्हणून उरला होता एकटा जिलाली, चामडी सपाता शिवणारा, आणि चार मांजरं. मांजरांना गिऱ्हाईक मिळालं नव्हतं एवढंच.

आता विहीणबाईंना शेजाऱ्यांचं एवढं काय पडलं होतं? तर तसा रिवाजच आहे. सोयरीक करण्याआधी मुलाची आई गुपचूप मुलीच्या गल्लीत जाते, चार दारं ठोठावते आणि विचारते, पोरगी कशी आहे, आई तोंडाळ आहे का, बाप उधळ्या आहे का. शेजाऱ्यांनी बरं म्हटलं तर पुढची बोलणी. विहीणबाई लल्ला बतूल त्यासाठी मुद्दाम माराकेशहून आली होती. पहिलं दार उघडलं ते टॉवेल गुंडाळलेल्या एका लालबुंद परदेशी बाप्याने! दुसऱ्या दारात तिच्याकडे पासपोर्ट मागितला. तिसऱ्या दारातल्या मुलीने गोड हसून सांगितलं की सोमवारपर्यंत एकही खोली रिकामी नाही.

बतूल तणतणत घरी गेली आणि मुलाला म्हणाली, “जिच्याबद्दल बरंवाईट सांगायला एक शेजारी नाही, ती पोरगी मी घरात आणू? कोणाच्या भरवशावर?”

मुलगा अनवार हटून बसला. शामा नाही तर कुणीच नाही! इकडे शामाने जेवण सोडलं. म्हणजे बापासमोर सोडलं. स्वयंपाकघरात काय चालायचं ते झहोरला माहीत. जिलालीचा मात्र एकुलत्या लेकीवर जीव, त्यामुळे त्याचंच वजन उतरायला लागलं. शेवटी बतूलने अट घातली: “साखरपुड्याला येते. शेजारीपाजारी दिसले, तर फातिहाची प्रार्थना म्हणून नातं पक्कं करू. नाही दिसले, तर आणलेली साखर उचलून परत!”

म्हणून जिलालीने नव्या शहरात जाऊन एकेका जुन्या शेजाऱ्याचे पाय धरले. सगळ्यांनी शपथा घेऊन सांगितलं, येतो म्हणजे येतोच!

साखरपुड्याच्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर माराकेशची मंडळी ढोल वाजवत आली. पुढे साखरेचे मोठमोठे शंकू, मागे मेंदीची तबकं, त्यामागे लल्ला बतूल, आणि तिच्यामागे वीस वर्षं बेल्जियममध्ये राहिलेला तिचा भाऊ अल्लालमामा. झहोरच्या बहिणीने उंबऱ्यावर सगळ्यांना खजूर आणि दूध दिलं. मंडळी अंगणाच्या एका बाजूच्या गाद्यांवर ऐसपैस बसली.

समोरच्या गाद्या शेजाऱ्यांसाठी होत्या. त्यांवर जिलालीचा बहिरा काका एकटाच बसला होता, आणि तोही भिंतीला टेकून झोपला होता.

बतूलने एकदा गाद्यांकडे पाहिलं. मग काकाकडे पाहिलं. मग जिलालीकडे.

“येताहेत, येताहेत!” जिलाली म्हणाला आणि फोन घेऊन जिन्याखाली घुसला.

“अरे जिलाली, गाडी लावायला जागाच नाही!” खाटीक फोनवर ओरडत होता. “वेशीबाहेर सगळ्या पर्यटकांच्या बसेस! चाललो मी परत. पोरीला मुबारक सांग!”

“मी निघालेच होते रे,” सुईण म्हणाली, “पण माझ्याच घरी गिऱ्हाईक आलं. आता मी पण एक खोली देते ना भाड्याने!”

तिसऱ्याने फोनच उचलला नाही. जिलालीने चौथा नंबर लावला. एवढ्यात बाहेर गल्लीत आरोळी उठली, “बाजूला व्हा, बाजूला!” आणि दाराशी धाड्‌धाड्‌ आवाज झाला.

झालं होतं असं, की बूश्ता नावाचा गाइड आपली चौदा परदेशी माणसं घेऊन शेजारच्या ‘शांतिमहाला’त निघाला होता. आपली लाल छत्री उंच धरून तो पुढे, माणसं मागे. मध्येच पंधरा बॅगा लादलेलं गाढव घुसलं. त्या गल्लीत गाढव आलं की माणसाने भिंतीला चिकटायचं असतं. ती चौदा माणसं चिकटली ती नेमकी जिलालीच्या दाराला! दार लोटलेलंच होतं, ते उघडलं आणि सगळी आत आली. बूश्ता गाढवाच्या पलीकडे. तो छत्री मिरवत तसाच पुढे निघून गेला.

झहोरची बहीण खजुराचं तबक घेऊन उभीच होती. तिने एकेकाच्या तोंडात खजूर घातला, दुधाचा पेला पुढे केला, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. बायकांनी जिभा हलवून आनंदाचे चीत्कार केले. त्या परदेशी मंडळींच्या सहलीत ‘घरगुती संध्याकाळ’ ठरलेलीच होती. ती इतक्या लवकर आणि इतक्या जोरात सुरू होईल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं. सगळी खूश होऊन रिकाम्या गाद्यांवर जाऊन बसली.

जिलाली जिन्याखालून आला आणि बघतच राहिला.

“हे कोण?” त्याने झहोरला विचारलं.

“मला काय विचारता? अल्लालमामांची बेल्जियमची मंडळी असतील!”

“विचारून ये की!”

“काहीतरीच! उंबऱ्यावर खजूर दिल्यावर ‘तुम्ही कोण’ विचारायचं? लाज आहे की नाही?”

तेही खरंच. ज्याने आपला खजूर खाल्ला तो आपला पाहुणा. त्याला नावगाव विचारणारा माणूस फेसमध्ये अजून जन्माला यायचाय. तेवढ्यात मुलाचे वडील सी मक्की जिलालीच्या गळ्यातच पडले. “वा, सी जिलाली! परदेशी शेजारी, पण वेळेवर हजर! आमच्याकडे एवढा मान कोणाला आहे?”

जिलालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने छाती फुगवली. “मी म्हटलं नव्हतं? अख्खी गल्ली!”

मग काय विचारता! कबुतराचं सारण भरलेल्या खुसखुशीत पस्तियाची भलीमोठी परात आली. शेजाऱ्यांनी ती अशी साफ केली की धुवायची गरज उरली नाही. एक उंच बाई बतूलच्या नणंदेचा हात धरून नाचली. एका दाढीवाल्याने झोपलेल्या काकाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. बतूलचा चेहरा हळूहळू सैल झाला, पण ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. चौकशी केल्याशिवाय सोडते थोडीच!

“अल्लाल, त्या बाईला विचार, शामा कशी मुलगी आहे?”

आता अल्लालमामा बेल्जियममध्ये राहिला होता खरा, पण अख्खा काळ आपल्याच लोकांच्या मोहल्ल्यात भाजी विकण्यात गेला होता. परदेशी भाषेत त्याला फक्त बटाटे आणि कांदे येत होते. पण हे बहिणीला सांगणार कसं? त्याने बाईला काहीतरी विचारलं. बाई गोंधळली. तिने बोटाने परातीकडे दाखवलं, पोटावरून हात फिरवला आणि डोळे मिटून बराच वेळ काहीबाही बोलली.

“काय म्हणते?” बतूल पुढे सरकली.

“म्हणते, पोरगी लाखात एक!” अल्लालमामाने घाम पुसला. “स्वयंपाक तर असा, की... की पोट भरतं!”

“आणि आई तोंडाळ आहे का?”

“अजिबात नाही म्हणते!”

झहोरने जिलालीकडे पाहिलं. जिलालीला हसू आवरेना.

शेवटी बतूलने मान डोलावली. माराकेशहून आणलेल्या म्हाताऱ्या फकीहांनी, म्हणजे मौलवींनी, घसा साफ केला. सगळ्यांनी प्रार्थनेसाठी हात पसरले. आता फातिहा म्हटली की काम फत्ते! जिलालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात बूश्ता! घामाघूम, आणि हातात लाल छत्री. त्याने आपली माणसं पाहिली, त्याच्या जिवात जीव आला, आणि सवयीने त्याने छत्री उंच केली.

चौदाच्या चौदा माणसं एकदम उठली आणि रांगेने बाहेर चालू लागली!

फकीहांचे हात तसेच पसरलेले. ऐन फातिहाच्या वेळी मुलीचे सगळे शेजारी उठून जातात, म्हणजे काय ते माराकेशच्या लहान पोरालाही कळतं.

“सी जिलाली,” बतूलचा आवाज सुईसारखा झाला, “तुमच्या गल्लीला आमचा मुलगा पसंत नाही वाटतं? मक्की, साखर उचला!”

जिलाली धावला. एक सपात अंगणात राहिली, एक गटारात पडली. अनवाणीच त्याने गल्लीत बूश्ताला गाठलं आणि छत्रीला हात घातला.

“काका, सोडा! ही माझी रोजीरोटी आहे!”

“आणि आत आहे ती माझी लेक आहे! दे इकडे, नाहीतर तुझ्या सगळ्या माणसांना कातडं कमवायच्या कुंडात नेऊन सोडतो!”

हिसका देऊन त्याने छत्री काढली, उंच धरली, आणि वळून घराकडे चालू लागला. चौदा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि निमूटपणे मागे वळली.

जिलाली छत्री धरून अंगणात आला. “कुठे गेले नव्हते हो! वजू करायला... म्हणजे हात धुवायला गेले होते! फातिहाच्या आधी! आमच्या गल्लीची पद्धत आहे!”

“छत्री कशाला?” मक्कीने विचारलं.

“मानाची आहे,” झहोर म्हणाली. तिने बूश्तालाही खेचून गादीवर बसवलं आणि त्याने तोंड उघडताच त्यात बदामाची करंजी कोंबली.

फातिहा झाली. परदेशी मंडळींनीही सगळ्यांचं बघून हात पसरले होते. लल्ला बतूलने शामाच्या गालाचा मुका घेतला, आणि जिलाली तिथेच खांबाला टेकून ढसाढसा रडला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आठवड्याभराने बतूलचा फोन आला.

“व्याही, लग्नाला तुमचे ते शेजारी सगळे हवेत हं! मी माराकेशभर सांगून बसलेय. माझ्या जावा येताहेत फक्त ते बघायला!”

“सगळे येतील!” म्हणून जिलालीने फोन ठेवला. ती चौदा माणसं केव्हाच विमानाने आपापल्या घरी पोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून तो पर्यटक आत येतात त्या निळ्या वेशीपाशी उभा राहायला लागला. “या हो, माझ्या लेकीच्या लग्नाला या! जेवण, गाणं, सगळं फुकट! एक दिरहम नको!”

आता फेसमध्ये पर्यटकाला कुणी ‘फुकट’ म्हटलं तर तो काय करतो? पळतो! बायकांनी पर्सा छातीशी धरल्या. एका जोडप्याने पोलिसाला बोलावलं. एका म्हाताऱ्याने तर जिलालीच्या हातात दहा दिरहम ठेवून मागे लागू नकोस म्हणून हात जोडले. साऱ्या शहरात एकच माणूस असा होता ज्याला पर्यटकांकडून काहीही नको होतं, आणि त्याच्याच वाऱ्याला कोणी उभं राहत नव्हतं!

शेवटी बूश्ताला दया आली. “काका, फुकट म्हणजे लुबाडणूक, हे त्यांना घरून निघतानाच सांगितलेलं असतं. किंमत लावा! आणि चांगली लावा!”

जिलालीने लाजत लाजत किंमत लावली. दोन दिवसांत जागा भरल्या. तीन बायका तर म्हणाल्या, उभ्या राहू पण येऊ.

लग्न दणक्यात झालं. गाद्यांवर परदेशी माणसं दाटीवाटीने बसली होती. बतूलच्या जावांचे डोळे विस्फारले होते. बतूल जिलालीजवळ येऊन म्हणाली, “काय जीव लावतात हो तुम्हाला शेजारी!”

“शेजारधर्म आहे,” जिलाली जमिनीकडे बघत म्हणाला.

एवढ्यात एक गोरा तरुण गर्दीतून वाट काढत आला. भारावून गेला होता बिचारा. त्याने जिलालीला मिठी मारली, आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलला आणि फोन पुढे धरला. फोनमधली भाषांतर करणारी बाई खणखणीत अरबीत, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी बोलली:

“पुढच्या शुक्रवारी माझे आईवडील येत आहेत. पुढच्या शुक्रवारचं लग्न किती वाजता असतं? आणि तिकिटाचा दर हाच राहील का?”

ढोल थांबले. जिलालीला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. नवरीच्या वेशात शामा पांढरीफटक पडली. लल्ला बतूल एकटक जिलालीकडे बघत होती. मग तिने त्याचा दंड धरला आणि त्याला खांबामागे ओढलं.

“किती घेतलेत माणशी?”

जिलालीने डोळे मिटले आणि तिच्या कानात आकडा सांगितला.

“एवढेच?” बतूल किंचाळली. “अहो, तुम्ही फेसवाले भोळे ते भोळेच राहणार! आमच्या गल्लीत तरी कोण उरलंय? ते काही नाही, पहिलं बारसं आमच्याकडे माराकेशला. तिथे तिप्पट मिळतात, आणि खजुराचे वेगळे!”