लाइट ओसरीवर बसते

गेलेली लाइट परत आली की आमच्या गल्लीतले बाकीचे लोक पंख्याकडे पळतात, महाजनकाका ओसरीकडे. तिथे एक उघडा बल्ब टांगलेला आहे. त्याच्यासमोर हात मागे बांधून उभं राहायचं आणि शंभरपर्यंत मोजायचं. बल्ब थरथरला, की पुन्हा एकपासून. "आलेल्या लाइटला पहिले ओसरीवर बसवायचं, भाऊ," ते म्हणतात. "दम खाऊ द्यायचा. मग घरात घ्यायचं."

बुऱ्हाणपुरात हे वेड नाही, गरज आहे. आमच्या चहूबाजूंनी पॉवरलूम. सगळे माग एकदम सुरू झाले की लाइट मरगळते, कारागीर चहाला सुटले की उसळते. त्या उसळीत माझे दोन टीव्ही गेले. काकांचं आजवर काही जळलेलं नाही. रिटायर मास्तर, घरात एकटे. सोबतीला प्रत्येक यंत्रामागे एकेक स्टॅबिलायझर. दुसऱ्याच्या घरी गेले तरी बसण्याआधी प्लग उपसतात. शेजारच्या सत्यनारायणात बल्ब थरथरला म्हणून त्यांनी लाउडस्पीकरचा प्लग काढला, आणि भटजी अर्धा अध्याय नुसतेच ओठ हलवत राहिले.

मे महिन्यात काका लग्नासाठी खकनारला निघाले आणि घराची किल्ली माझ्याकडे दिली. माणसाची पारख त्यांना नाही, ती अशी.

"फ्रिजला जप. आत वंदीचा रस हाय."

वंदी त्यांची मुलगी, बंगळूरला असते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आमरस खातात. यंदा ती आली नाही. सुट्टी मिळाली की येते, म्हणाली. म्हणून तिच्या वाट्याचा रस डब्यात भरून काकांनी बर्फात ठेवला होता.

दुपारी लाइट गेली. मी प्लग काढला. लाइट आली, मी मोजायला लागलो आणि चौतिसाला कंटाळलो. स्टॅबिलायझर लावला, तर त्याचा दिवा लागला, फ्रिज मात्र गप्प. हा स्टॅबिलायझर तीन मिनिटं थांबून मगच लाइट पुढे सोडतो, हे मला कुठे ठाऊक? तो बिघडला असं मी ठरवलं आणि फ्रिजचा प्लग थेट भिंतीत खुपसला. फ्रिज गुरगुरला. तेवढ्यात कारागीर चहाला सुटले. बल्ब पांढराफेक झाला, आणि फ्रिज शांत झाला. मी खूश. स्टॅबिलायझर काढल्याबरोबर फ्रिज कसा बिनआवाजी चालतोय, हे बायकोला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

सकाळी काका आले तेव्हा फ्रिजखाली पाण्याचं थारोळं होतं. मी सगळं कबूल केलं, चौतीस आकड्यांसकट, आणि मान खाली घालून बोलणी खायला उभा राहिलो. काकांनी डबा काढून हलवला. आत रस डुचमळला. अजून गार होता.

"दोन वाट्या आण."

वंदीताई यायच्या आत मी नवे आंबे आणतो, नवा रस काढून देतो, असं मी बडबडत राहिलो.

"लग्नात फोन आला होता तिचा," वाट्या भरत ते म्हणाले. "यंदा नाही जमत."

आम्ही ओसरीवर बसलो. खाता खाता लाइट गेली, आली. समोरचा बल्ब लागला, चांगला थरथरला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्या वाटीकडे बघत होते.

"वंदीचा वाटा हाय, भाऊ. पुसून खा."