जर्मनीला गेलेली गाठ

अंबादासमामा वाण्याकडून साखरेची पुडी आणतात, ती उजेडात धरतात आणि दोऱ्याची गाठ तपासतात. "ही एकदा सुटलीया. कुनीतरी हात घातलाया." पुडी वाण्यानं त्यांच्यासमोरच बांधलेली असते.

दूधवाल्यापासून मीटर बघणाऱ्यापर्यंत सगळ्यांवर मामांचा संशय. मी मात्र सातवीत शाळा सोडलेला, गोंदियाहून सोलापुरात गणवेश शिवायला आलेला. मला एकही कागद न बघता त्यांनी वरची खोली दिली. का दिली, ते विचारलेलं नाही. विचारलं आणि संशय आला तर?

जन्मभर मामांनी मागावर चादरी विणल्या. लेक पद्मा जर्मनीत, तिचे दिवस भरत आलेले. मामी आता नाहीत. त्यांच्या मऊ साड्यांचं दुपटं मामांनी स्वतः शिवलं, दोऱ्यानं बांधलं आणि वर विणकराची गाठ मारली. "कुनी सोडली, की कळंल. बाळाच्या आधी पोचलं पायजे."

रोज कामाला निघताना मी फोनवर पार्सलचा ठावठिकाणा वाचायचो. इंग्रजी, त्यामुळं चुकेन या भीतीनं दोनदा.

"मामा, बॅग उघडली म्हणतंय."

"बघ! म्हनलं हुतं न्हवं?"

"आपलं पार्सल नाही हो. टपालाचं मोठं पोतं. त्यात सगळ्यांची असतात."

"तुला कोन म्हनलं?"

"पोस्टातल्या बाई."

"त्या तसंच म्हननार की!"

मग चार दिवस एकच ओळ: कस्टम्सकडे तपासणीला. मामांचं जेवण कमी झालं. "काय बघत्यात एवढं? बायकोच्या जुन्या साड्या हायत म्हनावं."

पाचव्या दिवशी सुटलं. पुढच्या आठवड्यात नवी ओळ आली: पार्सल दारात नेलं, घरी कुणी नाही.

"खोटं! अवघडलेली पोर कुटं जाईल?" मामा ओरडले.

"दवाखान्यात गेल्या असतील," मी भीत भीत म्हणालो. या वेळी 'तुला कोन म्हनलं' आलं नाही.

संध्याकाळी जावयांचा फोन आला. मुलगी झाली होती. दोन दिवसांनी पार्सलही 'पोचलं' दिसलं. "कुनाच्या हातात?" मामांनी विचारलंच.

रविवारी पद्माताईंनी माझ्या फोनवर फोटो पाठवला. पाळण्यात बाळ, खाली दुपटं, आणि दांडीला दुपट्यावरच्या आपल्याच दोऱ्यानं बांधलेला खुळखुळा. मामांनी बाळाकडं बघितलंच नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि गाठीवर येऊन थांबले.

"ही माझी गाठ न्हाय."



मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "उलटी हाय. डावरी." मग हळूच म्हणाले, "पद्मा ल्हानपनी मागापाशी बसून तुटलेलं सूत जोडायची. डाव्या हातानं. म्या लई रागवायचो की."

फोन विझला. मी पुन्हा चालू करून दिला. ते गाठच बघत राहिले. परत विझला. परत चालू केला.

"हां," मामा म्हणाले, "आता बाळ दाव."